आयसीयूतल्या रुग्णाचं पोषण आणि प्रतिकारशक्ती : किती, कधी, कुठल्या वाटेने?

तिरीप
मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे आणि कामाचा बराचसा वेळ आयसीयूत जातो. धागा काढायचं कारण म्हणजे नातेवाइकांकडून हमखास येणारे दोन प्रश्न. एक, 'नुसत्या सलाईनवर किती दिवस ठेवणार?' आणि दुसरा, 'इम्युनिटी वाढवायला काही सुरू करता येईल का?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या त्यांचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी सलाईन. त्यात पाणी आणि मीठ असतं, उष्मांक शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या लिटरभर बाटलीत ५० ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे २०० कॅलरीसुद्धा नाहीत. प्रथिनं नाहीत, स्निग्ध नाही. बाटली लावलेली दिसली की पोटात काहीतरी जातंय असं वाटतं, पण तो आहार नव्हे.

आता शरीरात काय चालतं ते. सेप्सिस (संसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडणं), मोठा अपघात, भाजणं, मोठी शस्त्रक्रिया यांपैकी काहीही झालं की कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन आणि दाह वाढवणारे सायटोकाइन्स यांचा भडिमार होतो. स्नायू मोडून त्यातली अमिनो आम्लं यकृताकडे जातात आणि यकृत त्यातून साखर आणि दाहाच्या काळात लागणारी प्रथिनं बनवतं. निरोगी माणूस उपाशी राहिला तर शरीर काटकसर करतं, चरबी वापरतं, स्नायू सांभाळतं. गंभीर आजारात ही काटकसर सुटते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद सोनोग्राफीने मोजत गेले, तर दहाव्या दिवसापर्यंत तो जवळपास १८ टक्क्यांनी घटला होता.

याचा प्रतिकारशक्तीशी संबंध काय, असं विचाराल. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायूही झिजतात. मग खोकला जोरात येत नाही, कफ आतच साचतो, न्यूमोनिया होतो. जंतूंशी लढाई म्हटलं की पांढऱ्या पेशी आठवतात, खोकला कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरी गोष्ट आतडं. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं आणि त्याचं बरंचसं पोषण रक्तातून नव्हे तर पोकळीतून जाणाऱ्या अन्नातून होतं. तिथेच शरीराच्या प्रतिकारपेशींचा फार मोठा साठा असतो. अन्न पूर्ण बंद राहिलं की अस्तर खुरटतं, आयजीए (अस्तरावर पहारा देणारं प्रतिपिंड) कमी पाझरतं. म्हणून रक्तदाब सावरला की २४ ते ४८ तासांत नळीतून थोडं का होईना फीड सुरू करतात, अगदी तासाला १०-२० मिली. तेवढ्याने पोट भरत नाही. आतडं जागं राहावं इतकाच हेतू असतो.

साधारण लक्ष्य किलोमागे २५ कॅलरी आणि १.३ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला १५०० कॅलरी आणि ७८ ग्रॅम प्रथिनं. पण तिथे पहिल्या दिवशी पोचायचं नसतं. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार सुरुवातीच्या दिवसांत ७० टक्क्यांच्या वर जाऊ नये, नंतर वाढवत न्यावं. हे असं का, त्यावर जाणकारांनी लिहावं.

पाणकणीस
अगदी वेळेवर धागा. माझे सासरे व्हेंटिलेटरवर आहेत, न्यूमोनिया. मला दोन गोष्टी कळत नाहीत. नळीतून फीड चालू असतं आणि मधेच बंद करतात, विचारलं तर 'प्रोसीजर आहे' एवढंच उत्तर. आणि नात्यातल्या एकांनी ग्लुटामाइनची पावडर द्या म्हणून धोशा लावलाय, म्हणे पांढऱ्या पेशींचं ते इंधन आहे. देऊ का? डॉक्टर नको म्हणाले, पण कारण सांगायला त्यांना वेळ नव्हता.

रात्रपाळी
फीड बंद का होतं ते मी सांगते, आयसीयू नर्स आहे. सीटी स्कॅनला न्यायचं, घशातली नळी काढून बघायची, ऑपरेशन थिएटरला पाठवायचं, ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी बसवणं) करायची, या सगळ्यासाठी पोट रिकामं हवं असतं. कधी प्रोसीजर पुढे ढकलली जाते आणि फीड तसंच बंद राहतं. खरी गळती इथे होते. पंप चालू ठेवायला कुणी विसरत नाही, पण बंद केलेला पुन्हा चालू करायचं कुणाच्या तरी डोक्यात असावं लागतं. त्यामुळे काही युनिट्समध्ये आता तासाचा वेग न ठरवता २४ तासांची मिली ठरवतात. सकाळी चार तास वाया गेले तर उरलेल्या वेळात वेग वाढवून भरून काढायचे.

नातेवाइकांना बघता येतील अशा गोष्टीही आहेत. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली असावी. नाकापाशी नळीवर सेंटिमीटरचे आकडे असतात, आम्ही शिफ्टच्या सुरुवातीला तो आकडा लिहून ठेवतो. आकडा बदललेला दिसला तर नळी सरकलेली असू शकते, अशा वेळी फीड थांबवून खात्री करायची. नळी नवीन घातली की जागा एक्स-रेवर बघतात. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवेचा आवाज ऐकणं पुरेसं नाही, फुप्फुसात गेलेल्या नळीतूनही तसा आवाज येऊ शकतो.

गोळ्या कुटून नळीतून देताना एकेक वेगळी द्यायची, आधी-नंतर साधं पाणी ढकलायचं. आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या किंवा हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटायच्याच नाहीत. नळी तुंबण्याचं बहुतेक कारण गोळीचा चुरा. नळी तुंबली की बदला, पुन्हा एक्स-रे, पुन्हा चार तास उपाशी.

आणि कृपा करून स्वतः नळीतून काही ओतू नका. अगदी पाणीही.

आडवाटेचा
क्रिटिकल केअरमध्ये आहे. तिरीप यांनी विचारलेल्या 'असं का' बद्दल.

माझं शिक्षण झालं तेव्हा समज असा होता की उष्मांकांची तूट साचत जाते आणि ती जितक्या लवकर भरू तितका संसर्ग कमी. नळीतून पुरत नाही ना, मग टीपीएन, म्हणजे सगळा आहार शिरेतून देणारं द्रावण, लावून पहिल्याच दोन-तीन दिवसांत हिशेब पुरा करा. २०११ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या गटाने ४६४० रुग्णांवर हेच तपासलं, त्या चाचणीचं नाव एपॅनिक. एका गटाला टीपीएन लवकर, दुसऱ्याला आठव्या दिवसापर्यंत थांबून. लवकर भरपाई केलेल्यांत नवे संसर्ग २६.२ टक्के, थांबलेल्यांत २२.८. थांबलेले आयसीयूतून लवकर बाहेरही पडले. २०१६ साली १४४० मुलांवरच्या चाचणीत पुन्हा तेच दिसलं.

म्हणजे शिरेतून दिलेलं अन्न विषारी का? तसंही नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे २४०० रुग्णांत नळी विरुद्ध शीर अशी तुलना झाली, दोन्ही गटांना साधारण सारख्याच कॅलरी. मृत्यूत फरक नाही, संसर्गातही नाही. त्यामुळे मार्गाइतकाच, कदाचित जास्तच, प्रश्न मात्रेचा आणि वेळेचा आहे असं माझं मत झालंय. पहिल्या काही दिवसांत यकृत स्वतःच साखर बनवत असतं, आणि बाहेरून दिलं म्हणून ते थांबत नाही. आपण वरून १५०० कॅलरी दिल्या की शरीराला प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त मिळतात. साखर वाढते, यकृतात चरबी साचते, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि व्हेंटिलेटर सुटायला उशीर होतो.

आतड्याबद्दलही एक सावधगिरी. रुग्ण शॉकमध्ये असेल, म्हणजे रक्तदाब कोसळलेला असेल, आणि तो टिकवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचा डोस चढता असेल, तर आतड्याचा रक्तपुरवठा आधीच तोकडा असतो. त्यात पूर्ण फीड ढकललं तर आतडं काळंनिळं पडू शकतं. २०१८ सालच्या न्यूट्रिरिया-२ चाचणीत २४१० रुग्ण होते, शॉकमध्ये नळीतून लवकर पूर्ण फीड दिलेल्या गटात आतड्याच्या इस्किमियाच्या (रक्तपुरवठा तुटण्याच्या) घटना जास्त झाल्या. 'अजून फीड का नाही चालू केलं' असं चिडून विचारणाऱ्यांना सांगतो, कधीकधी वाट बघणं हाच उपचार असतो.

ग्रंथीपुराण
@पाणकणीस, ग्लुटामाइनबद्दल. मी डॉक्टर नाही, प्रतिकारशास्त्रातल्या संशोधनाशी संबंध आहे. तुमच्या नातेवाइकांचं वाक्य अर्धं खरं आहे. लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि आतड्याच्या पेशी ग्लुटामाइन भरपूर वापरतात, आणि गंभीर आजारात काही जणांच्या रक्तातली त्याची पातळी खालावते. ज्यांची खालावते त्यांच्यात मृत्यू जास्त होतात. यावरून 'वरून द्या' हा निष्कर्ष सरळ वाटतो. लहान चाचण्यांत फायदाही दिसत होता.

मग २०१३ मध्ये रेडॉक्स नावाची मोठी चाचणी आली. ४० आयसीयू, १२२३ रुग्ण, सगळे व्हेंटिलेटरवर आणि एकाहून अधिक अवयव निकामी होत असलेले. ग्लुटामाइन मिळालेल्यांत २८ दिवसांतले मृत्यू ३२.४ टक्के, न मिळालेल्यांत २७.२. सहा महिन्यांनी ४३.७ विरुद्ध ३७.२. उपयोग तर नाहीच, नुकसान. ज्यांची पातळी मोजली त्यांतल्या बहुतेकांना कमतरता नव्हतीच. आणि मूत्रपिंड-यकृत थकलेलं असताना जादा अमिनो आम्लाचा निचरा कुठे होणार? भाजलेल्या रुग्णांत तरी चालेल अशी आशा होती, पण २०२२ च्या सुमारे १२०० रुग्णांच्या चाचणीत तिथेही फायदा दिसला नाही.

तेव्हा डॉक्टर नको म्हणाले ते बरोबर.

ही यादी लांबवता येईल. व्हिटॅमिन सी : २०२२ ची लोविट चाचणी, सेप्सिसचे रुग्ण. मृत्यू किंवा अवयव निकामी राहणं हे व्हिटॅमिन सी गटात ४४.५ टक्के, दुसऱ्यात ३८.५. प्रोबायोटिक : २०२१ ची २६५० रुग्णांची चाचणी, व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया कमी झाला नाही, उलट मोजक्या काही जणांच्या रक्तात तोच जंतू सापडला. सेलेनियमही चाललं नाही. आर्जिनिनचं कारण तर सरळ आहे, त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं, रक्तवाहिन्या सैलावतात. सेप्सिसमध्ये रक्तदाब आधीच कोसळलेला असतो.

माझ्या मते चूक प्रश्नातच आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणताना आपण ती एकाच बटणावर चालते असं धरतो. आयसीयूतल्या रुग्णात एकाच वेळी दाह अतोनात आणि जंतू मारण्याची क्षमता थकलेली, असं दोन्ही असतं. कुठल्या दिवशी कुठलं जास्त, हे पावडरीच्या डब्याला कळत नाही.

आजारी पडल्यावर भूक मरते त्याचाही विचार व्हावा. २०१६ साली येल विद्यापीठात रुस्लान मेदझितोव्ह यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केले. लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग असताना जबरदस्तीने ग्लुकोज दिलं तर उंदीर मरायचे. इन्फ्लुएन्झाच्या संसर्गात उलट, ग्लुकोज मिळालेले जास्त जगायचे. उंदरांवरून माणसाचा आहार ठरवता येत नाही, पण एकच घास एका संसर्गात मारक आणि दुसऱ्यात तारक ठरू शकतो हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शिवाय ऑटोफॅजी आहे. पोषण कमी असताना पेशी स्वतःतली अडगळ आणि आत शिरलेले जंतू मोडून पचवते. सुरुवातीला भरपूर खिलवलं की ही साफसफाई मंदावते. एपॅनिकच्या निकालाचं एक स्पष्टीकरण तेच दिलं जातं.

गोगलगाय_२
सगळं वाचलं. मग देताच कशाला? २०२३ च्या न्यूट्रिरिया-३ चाचणीबद्दल वाचलं होतं. ३०४४ रुग्ण, एका गटाला किलोमागे फक्त ६ कॅलरी, दुसऱ्याला २५. मृत्यूत फरक नाही, आणि कमी खाणारे आयसीयूतून जरा लवकर बाहेर. उपवासाचं महत्त्व आता आधुनिक विज्ञानही मान्य करतंय असंच म्हणायचं ना?

आडवाटेचा
नाही, असं म्हणायचं नाही :) ती चाचणी फक्त पहिल्या सात दिवसांची होती आणि कमी मात्रेच्या गटालाही काहीतरी मिळतच होतं. त्यातून 'पहिल्या आठवड्यात कमी पडलं तर घाबरू नका' एवढंच निघतं. तीन आठवडे व्हेंटिलेटरवर राहणाऱ्याला ६ कॅलरीवर ठेवलं तर नंतर बसतं करायला माणूस शिल्लक राहणार नाही. आणि आयसीयूत येण्याआधीच खंगलेला रुग्ण ही वेगळी जात आहे.

प्रथिनांचंही तसंच. २०२३ मध्ये १३०० च्या आसपास रुग्णांत किलोमागे २.२ ग्रॅम विरुद्ध १.२ अशी तुलना झाली. जास्त दिल्याने फायदा नाही, मूत्रपिंड बिघडलेल्यांत तोटा झाल्याची शंका. 'जितकं जास्त तितकं चांगलं' आणि 'जितकं कमी तितकं चांगलं' या दोन्ही टोकांना पुरावा नाही.

तिरीप
खंगलेल्या रुग्णाचा उल्लेख झालाच आहे तर रीफीडिंगबद्दल लिहायलाच हवं. आठ-दहा दिवस जवळपास काहीच न खाल्लेला, वजन झपाट्याने उतरलेला रुग्ण येतो. घरचे म्हणतात, आता भरपूर द्या. अशा माणसाला एकदम कॅलरी दिल्या की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. फॉस्फेट कोसळलं की एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, बनत नाही. श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचा ठोका बिघडतो, पांढऱ्या पेशींनाही जंतू गिळायला ऊर्जा उरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले कैदी पोटभर जेवायला मिळाल्यावर दगावले, ते यामुळेच.

म्हणून आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१), मग ग्लुकोज. सुरुवात लक्ष्याच्या बरीच खाली, आणि फॉस्फेट रोज बघायचं. नातेवाइकांना हा कंजूषपणा वाटतो. फॉस्फेटचा रिपोर्ट सकाळी २.८ आणि दुसऱ्या दिवशी १.१ आलेला पाहिला की मग वाटत नाही.

झाकोळ
आईचं अल्ब्युमिन २.१ आलंय. सगळे म्हणतात प्रोटीन कमी पडतंय. डबल प्रोटीन सुरू करायला सांगू का?

तिरीप
@झाकोळ, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचा आकडा आहाराचा आरसा नाही, हे कितीदा सांगितलं तरी रुजत नाही. दाह असला की यकृत अल्ब्युमिन बनवणं कमी करतं आणि रक्तवाहिन्या झिरपत असल्याने आहे तेही बाहेर जातं. चांगला खातापिता माणूस सेप्सिसने आजारी पडला तर काही दिवसांत अल्ब्युमिन खाली येतं. सोबत सीआरपी (रक्तातला दाहाचा मापक) बघा. तो उतरायला लागला की अल्ब्युमिन आपोआप सावरू लागतं. शिरेतून अल्ब्युमिनची बाटली देतात ती वेगळ्या कारणासाठी, पोषण म्हणून नाही. आईंचं नेहमीचं वजन किती होतं, गेल्या काही महिन्यांत किती उतरलं, आजारी पडण्याआधी जेवण कसं होतं, ही माहिती मला त्या आकड्यापेक्षा जास्त कामाची.

रात्रपाळी
साखरेबद्दल कुणी बोललं नाही. दर काही तासांनी बोटाला सुई टोचतो म्हणून शिव्या खातो आम्ही.

आडवाटेचा
खरंय, राहिलंच. साखर खूप वाढली की न्यूट्रोफिलचं, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचं, काम मंदावतं. २००१ मध्ये ल्यूव्हेनच्याच गटाने साखर अगदी काटेकोर, ८० ते ११० ठेवून मृत्यू कमी झाल्याचं दाखवलं आणि सगळे त्यामागे लागले. २००९ मध्ये नाइस-शुगर चाचणी आली, ६१०४ रुग्ण, काटेकोर गटात मृत्यू २७.५ टक्के, ढिल्या गटात २४.९. आता बहुतेक ठिकाणी १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात. हायपो (साखर फार उतरणं) झालेलं बेशुद्ध रुग्णाला सांगता येत नाही, म्हणून ती सुई.

अवांतर : झोपेसाठीचं प्रोपोफॉल तेलकट द्रावणात असतं, त्याच्या प्रत्येक मिलीत १.१ कॅलरी. तासाला २० मिली चालू असेल तर दिवसाला ५०० च्या वर कॅलरी नुसत्या त्यातून. तिरीपसारखं कुणी युनिटमध्ये नसेल तर हा हिशेब सर्रास राहून जातो.

पाणकणीस
सगळ्यांचे आभार. पावडरीचा विषय घरात बंद केला. पण मग काहीच चालत नाही का? निराश व्हायला झालं थोडं.

ग्रंथीपुराण
चालतं ना. ज्याची कमतरता आहे ते भरून काढणं चालतं. मोठ्या भाजण्यात जखमेतून झिंक, तांबं, सेलेनियम वाहून जातं, ते द्यावंच लागतं. सतत डायलिसिस चालू असेल तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं निघून जातात, तीही. कमतरता भरणं आणि धो-धो डोस देणं यांत फरक आहे. आणि आर्जिनिन, ओमेगा-३ वगैरे असलेला आहार पचनमार्गाच्या कर्करोगाच्या ठरवून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी पाच-सात दिवस दिला तर नंतरचे संसर्ग कमी होतात, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. तिथे रुग्ण स्थिर असतो आणि घाव कधी बसणार ते आधी माहीत असतं. आयसीयूत यातलं काहीच नसतं.

तिरीप
आणि सगळ्यात चांगला पुरावा आयसीयूच्या बाहेरचा आहे, ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या आठ रुग्णालयांत वॉर्डातल्या २००० हून अधिक कुपोषणाचा धोका असलेल्या रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीचं रुग्णालयाचं जेवण. उरलेल्यांसाठी आहारतज्ज्ञाने प्रत्येकाची गरज काढली, आवडनिवड विचारली, कमी पडतंय तिथे पूरक पेय दिलं, रोज पाठपुरावा केला. जादूची पावडर नाही. ३० दिवसांतले मृत्यू १० टक्क्यांवरून ७ वर आले. त्यातही ज्यांचा सीआरपी १०० च्या वर होता त्यांना फारसा फायदा दिसला नाही. म्हणजे वर आडवाटेचा म्हणतात तेच, दाह पेटलेला असताना अन्न कामी येत नाही, ओसरल्यावर येतं.

माझा राग इथेच आहे. आयसीयूत कॅलरीच्या दशांशावर चर्चा होते, आणि वॉर्डात हलवलं की दुसऱ्या दिवशी नाकातली नळी काढून समोर ताट ठेवतात. घशात नळी राहिल्याने गिळणं बिघडलेलं असतं, चव गेलेली असते, चमचा धरायची ताकद नसते. घशातली नळी निघाल्यावर पहिल्या आठवड्यात बहुतेक जण गरजेच्या निम्म्याच्या आसपासच खातात. आणि नेमकी हीच वेळ स्नायू परत बांधायची असते. आता गरज वाढलेली असते, किलोमागे ३० कॅलरी किंवा त्याहून वर, प्रथिनं १.५ ते २ ग्रॅमपर्यंत, सोबत फिजिओथेरपी. आणि नोंद काय असते? 'डाएट : सॉफ्ट'.

पाणकणीस
सासऱ्यांना उद्या-परवा वॉर्डात हलवतील असं म्हणतायत. आम्ही काय विचारायचं?

तिरीप
गिळण्याची तपासणी झाली का, हे पहिलं. पाणी पिताना ठसका, आवाज ओला-घोगरा होणं, ही लक्षणं दिसली तर लगेच सांगा. कधीकधी ठसका न लागताही फुप्फुसात जातं, त्यामुळे 'ठसका नाही म्हणजे ठीक' असं धरू नका. दुसरं, नळी लगेच काढणार असतील तर थोडी थांबवता येईल का विचारा. दिवसा तोंडाने आणि रात्री पंपाने फीड, असं काही दिवस करता येतं. दिवसभरात तोंडाने दोन-तृतीयांशाच्या आसपास जायला लागलं की काढायची. तिसरं, ताटातलं किती संपलं ते रोज लिहा, अर्धं, पाव, जे असेल ते. 'बरं जेवले' याचा मला उपयोग नसतो. वजन आठवड्यातून दोनदा, पण सूज असेल तर ते फसवतं, म्हणून मुठीची पकड आणि खुर्चीतून उठता येतंय का तेही बघत जा.

रात्रपाळी
आणि कवळी! आयसीयूत येताना काढून पिशवीत ठेवलेली असते. वॉर्डात जाताना ती मागून घ्या.